ऑनलाइन वर्ग गप्प बसतो तेव्हा: मोडीच्या तासाला कोणतं साधन कधी वापरायचं

‘सर, आवाज येत नाहीये.’ ‘आता येतोय का?’ ‘येतोय सर, पण चित्र अडकलंय.’ पहिली पाच-सात मिनिटं अशी जातात. मग अर्धा तास सर एकटे बोलतात. शेवटी ‘समजलं ना सगळ्यांना?’ असं विचारतात आणि चॅटमध्ये हात जोडलेले दोन-तीन इमोजी येतात. पुढच्या आठवड्यात तेवढेही येत नाहीत.

मी मोडी लिपीचे, म्हणजे जुन्या मराठी कागदपत्रांतल्या जोडून लिहायच्या लिपीचे, ऑनलाइन वर्ग घेतो. पहिल्या तुकडीला मी पाच अ‍ॅप लावली होती: एक प्रश्नमंजूषेचं, एक फळ्याचं, एक मतदानाचं, शिवाय झूम आणि व्हॉट्सअ‍ॅप. महिनाभरात निम्मी माणसं गळाली. जी राहिली तीही मोडीपेक्षा पासवर्ड विसरण्यात जास्त वेळ घालवत होती. ओळखीचे शिक्षक विचारतात, ‘कोणतं अ‍ॅप चांगलं?’ हा प्रश्न शेवटी विचारायचा असतो, आपण तो सगळ्यात आधी विचारतो. विद्यार्थी गप्प बसतो त्याची कारणं दोनच. एक तर त्याला हातानं करायला काही दिलेलं नसतं, नाहीतर त्यानं केलेलं कुणी पाहिलेलं नसतं. साधनं या दोन जागांसाठी लावायची.

खालचा क्रम मोडीच्या वर्गावर बेतलेला आहे. गणित, चित्रकला, शिवणकाम, काहीही शिकवत असलात तरी क्रम तोच ठेवा, फक्त उदाहरणं आपली घाला.

## टप्पा 1: आधी हाताचं काम ठरवा

कागद घ्या. डावीकडे येत्या तासाला काय शिकवणार ते लिहा आणि उजवीकडे त्याच वेळी विद्यार्थी काय करणार ते. उजव्या बाजूला ‘ऐकतील’, ‘पाहतील’, ‘समजून घेतील’ हे शब्द चालणार नाहीत. ‘लिहितील’, ‘रेघ मारतील’, ‘निवडतील’, ‘वाचून दाखवतील’ असं काहीतरी हवं.

माझ्या एका तासाचा कागद असा होता. डावीकडे: मोडीत दोन शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. उजवीकडे: दस्तऐवजाच्या एका ओळीत शब्द जिथे संपतो तिथे उभी रेघ मारतील.

आता साधन आपोआप ठरतं. पडद्यावरच्या चित्रावर सगळ्यांना रेघ मारता यावी, एवढीच गरज आहे. ती सोय झूममध्ये आहे, तिचं नाव ‘अ‍ॅनोटेट’. नवं अ‍ॅप लागलं नाही.

असं करत गेलात की बहुतेक वर्गांना चार कामंच लागतात: दाखवणं, तासाला उत्तर घेणं, गृहपाठ गोळा करणं आणि तपासून परत देणं. एका कामाला एकच साधन ठेवा. माझ्याकडे झूम, व्हॉट्सअ‍ॅप आणि गूगल फॉर्म एवढंच उरलं आहे.

तपासा: उजव्या रकान्यात सलग दहा मिनिटं काहीच नसेल, तर त्या दहा मिनिटांत लोक गॅसवरचं दूध बघायला जातात. तिथे काहीतरी घाला.

इशारा: दुसऱ्या कंपनीच्या फुकट साधनावर पूर्ण अभ्यासक्रम उभारू नका. गूगलचा जॅमबोर्ड बऱ्याच शिक्षकांच्या हाताला बसला होता, तो 31 डिसेंबर 2024 ला बंद झाला. मूळ चित्रं, प्रश्न आणि उत्तरं आपल्या संगणकावर असू द्या.

## टप्पा 2: समोरच्याच्या हातात काय आहे ते विचारा

वर्ग सुरू व्हायच्या आठवडाभर आधी एक छोटा फॉर्म पाठवा. प्रश्न चारच:

1. तासाला कशावरून बसणार? फोन, टॅब की संगणक?
2. तो फोन तुमचा एकट्याचा आहे की घरातला सामाईक?
3. नेट वायफायचं की फोनच्या पॅकचं?
4. फोटो काढून पाठवता येतो का? ‘मुलगा किंवा सून मदत करते’ हाही पर्याय द्या.

चौथ्या प्रश्नाला हसू नका. मोडीच्या वर्गाला निवृत्त माणसं बरीच असतात. 2023 मध्ये जुन्या, बऱ्याचदा मोडीतल्या, कागदांत कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हापासून घरातली जुनी कागदपत्रं घेऊन येणारेही भेटतात. बुद्धीला धारदार, पण फोटो पाठवायचा म्हटलं की नातवाला हाक.

बहुसंख्य फोनवर असतील तर तुमचा पडदा त्यांना तळहाताएवढा दिसणार. एका सरकपट्टीवर (स्लाइडवर) दस्तऐवजाची एकच ओळ ठेवायची, पूर्ण पान दाखवायचं नाही. पूर्ण पान आदल्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर जाऊ द्या, आणि ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. साधा फोटो म्हणून पाठवलात तर व्हॉट्सअ‍ॅप तो दाबून लहान करतं आणि मोडीची बारीक वळणं पुसट होतात.

इशारा: वर्गात 18 वर्षांखालची मुलं असतील तर नाव, फोन नंबर, फोटो गोळा करण्याआधी पालकांची संमती घ्या. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालच्या सगळ्यांना बालक धरलं आहे.

## टप्पा 3: हात दिसेल असा कॅमेरा लावा

इथे घाई करू नका. मोडी शिकवताना तयार अक्षर दाखवून भागत नाही, ते कुठून सुरू होतं आणि कुठे वळतं ते दिसावं लागतं. आपण देवनागरीत काना वरून खाली ओढतो, मोडीत हात खालून वर शिरोरेषेकडे जातो. छापील तक्त्यावर हे कळत नाही. विद्यार्थी तक्ता बघून देवनागरीच्या सवयीनं अक्षर काढतो, दिसायला बरोबर येतं, पण जोडून लिहायची वेळ आली की हात अडतो.

महागडा स्टँड लागत नाही. मी करतो ते असं:

1. जाड पुस्तकांच्या दोन सारख्या चळती टेबलावर मांडा, मध्ये ए-4 कागद बसेल एवढी फट. उंची साधारण एक फूट. पुस्तकं कमी पडली तर स्टीलचे डबे चालतात.
2. दोन्ही चळतींवर एक रुंद लाकडी पट्टी आडवी ठेवा. तिच्यावर फोन उताणा, म्हणजे पडदा वर आणि मागचा कॅमेरा पट्टीच्या कडेबाहेर येऊन खाली बघेल असा. फोन रबरबँडनं बांधा. माझा एकदा भर तासात शाईच्या बाटलीवर पडला होता.
3. उजव्या हातानं लिहीत असाल तर दिवा डावीकडे ठेवा, नाहीतर हाताची सावली नेमकी लिहीत असलेल्या अक्षरावर पडते.
4. कागदावर शिरोरेषा आधीच आखून ठेवा. मोडीत ती अक्षराआधी येते, म्हणजे शिकवण्याच्या दृष्टीनंही तेच बरोबर. शाई काळी आणि टोक जाड हवं. बारीक निळं बॉलपेन फोनवर दिसत नाही.
5. या फोनवरून झूममध्ये दुसरा सदस्य म्हणून शिरा. त्याचं नाव ‘कागद’ ठेवा. तुम्ही स्वतः लॅपटॉपवरून बसा.
6. ‘कागद’ या फोनला आवाज जोडूच नका. नुसता माइक बंद करून भागत नाही. स्पीकर चालू राहिला तर लॅपटॉपचा माइक तो आवाज पकडतो आणि सगळा वर्ग घुमायला लागतो.
7. फोन विमान मोडवर टाका आणि मग वायफाय सुरू करा, म्हणजे मध्येच कुणाचा फोन येऊन चित्र जाणार नाही.

आता सगळ्यात जास्त होणारी चूक. शिक्षक ‘कागद’वर जाऊन ‘पिन’ दाबतात, त्यांच्या पडद्यावर चित्र मोठं होतं आणि ते खुशीत शिकवायला लागतात. पिन फक्त आपल्यापुरती असते. समोरच्यांना अजून तुमचं कपाळच दिसत असतं. सगळ्यांच्या पडद्यावर मोठं करायचं तर ‘स्पॉटलाइट’ दाबायचं. बैठकीत किमान तीन जण असल्याशिवाय हा पर्याय येत नाही, म्हणून एकट्यानं तालीम करताना तो सापडला नाही तर घाबरू नका. लॅपटॉप, फोन आणि एक शेजारी, झाले तीन.

दुसरी गडबड आरशाची. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यासमोर कागद धरला की आपल्याला अक्षरं उलटी दिसतात. काही जण त्यावर उपाय म्हणून उलटं लिहायला बघतात, तसं करू नका! आपलंच चित्र आपल्याला आरशासारखं दाखवलं जातं, बाकीच्यांना ते सुलटच दिसतं.

तपासा: तासाच्या दहा मिनिटं आधी तिसऱ्या फोनवरून, विद्यार्थी म्हणून, आत या. एक अक्षर लिहा. त्या छोट्या पडद्यावर वळण दिसलं तरच पुढे चला.

## टप्पा 4: पहिला तास शिकवण्याचा नाही

पहिल्या दिवशी अभ्यासाचं एकही अक्षर शिकवू नका. अर्ध्या तासाचा सरावाचा तास ठेवा आणि चारच गोष्टी प्रत्येकाकडून करून घ्या: माइक बंद-चालू करणं, चॅटमध्ये स्वतःचं गाव लिहिणं, पडद्यावरच्या चित्रावर रेघ मारणं (फोनवर पेन्सिलीच्या चिन्हाला हात लावला की जमतं) आणि वहीचा फोटो पाठवणं.

चारही जमेपर्यंत माणूस पुढे ढकलू नका. ज्यांना जमत नाही त्यांच्याशी त्याच संध्याकाळी फोनवर पाच मिनिटं बोला. ‘काकू, पेन्सिल दिसते का खाली? तिच्यावर बोट ठेवा, हं, आता पडद्यावर ओढा.’ ही पाच मिनिटं वाचवलीत तर पुढचे तीन महिने त्या काकू नुसत्या बघत बसतील आणि एक दिवस येणं बंद करतील.

नावंही याच दिवशी दुरुस्त करून घ्या. ‘रेडमी नोट 10’ आणि ‘सोनूज आयफोन’ या नावांनी कुणाला प्रश्न विचारणार?

## टप्पा 5: चाळीस मिनिटं कशी वाटायची

झूमच्या फुकट खात्यात बैठक 40 मिनिटांत बंद होते. लोक याची कटकट करतात, मला ती मर्यादा बरीच वाटते. तिच्यापायी पाल्हाळ लावता येत नाही. माझी वाटणी साधारण अशी:

पहिली 4 मिनिटं: हजेरी म्हणून काम. ‘आवाज येतोय का?’ विचारायचं नाही. पडद्यावर मागच्या तासाचा एक मोडी शब्द असतो, आत येणाऱ्यानं तो वाचून चॅटमध्ये देवनागरीत लिहायचा. उत्तर आलं म्हणजे माणूस आला, आणि पडदाही दिसतोय.

पुढची 8 मिनिटं: दाखवणं. ‘कागद’ स्पॉटलाइटवर. एका दमात तीन-चार अक्षरांपेक्षा जास्त नाहीत.

पुढची 8 मिनिटं: लिहिणं. सगळे आपल्या वहीत लिहितात. इथे शिक्षकानं गप्प राहायचं असतं, आणि ते फार अवघड जातं. शांतता झाली की आपल्याला वाटतं वर्ग बंद पडला. बोलू नका, ते लिहीत आहेत. हवं तर आपणही लिहीत राहा, कॅमेऱ्याखाली.

पुढची 15 मिनिटं: उत्तर घेणं. तासाचा खरा भाग हा, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

चॅटमध्ये उत्तर मागितलं की पहिले दोन हुशार लगेच लिहितात आणि बाकीचे तेच उतरवतात. उपाय फुकटचा आहे. सगळ्यांना सांगायचं, उत्तर लिहा पण पाठवू नका. एक मिनिट थांबायचं. मग ‘एक, दोन, तीन, पाठवा’. एका क्षणात वीस उत्तरं धबाधबा पडतात, कुणाचं कुणी पाहिलेलं नसतं. बुजरे लोक जास्त असतील तर चॅट ‘फक्त होस्टला’ अशी ठेवा. मग चुकीचं उत्तर तुमच्याशिवाय कुणाला दिसत नाही.

रेघ मारण्याचा प्रकार याहून रंगतो. एकदा मी पडद्यावर एक ओळ ठेवली. देवनागरीत उतरवली तर ती अशी होती: ‘दोनशेतकरीआले’. म्हटलं, शब्द तोडा. काहींनी ‘दोन’नंतर रेघ मारली, काहींनी ‘दोनशे’नंतर. एका मावशींनी दोन रेघा मारल्या: ‘दोन शेत करी’. मी काहीच बोललो नाही, फक्त ‘दोनशे’वाल्यांना विचारलं, ‘तकरी म्हणजे काय हो?’ त्यावर जी हुज्जत सुरू झाली ती चाळीस मिनिटांची मर्यादा येऊन बैठक बंद पडेपर्यंत चालली, आणि नंतर व्हॉट्सअ‍ॅपवर रात्री अकरापर्यंत. ‘दोन शेत करी’वाल्या मावशी शेवटपर्यंत मागे हटल्या नाहीत. ‘आले’चं काय करायचं, असं विचारल्यावर म्हणाल्या, ‘शेतात आलं लावलं असेल.’

अशी ओळ शोधायला मला आदल्या रात्री तासभर लागला होता. साधन लावायला दोन मिनिटं लागली. वेळेची विभागणी साधारण अशीच असावी.

अ‍ॅनोटेट वापरताना दोन गोष्टी सांभाळा. ते शेअर केलेल्या पडद्यावर चालतं, कॅमेऱ्याच्या चित्रावर चालत नाही, म्हणून ओळीचं चित्र आधी काढून ठेवा. आणि रेघ कुणी मारली ते कळण्यासाठी रेघ काढणाऱ्याचं नाव दाखवण्याचा पर्याय होस्टकडे असतो, तो सुरू करा. नाहीतर कुणीतरी मिशा काढतं.

शेवटची 5 मिनिटं: गृहपाठ सांगणं आणि चॅट सेव्ह करणं. बैठक बंद झाल्यावर चॅट शोधत बसू नका.

इशारा: ‘समजलं का?’ हा प्रश्न कायमचा सोडा. आपल्याकडे शिक्षकाला ‘नाही समजलं’ असं तोंडावर म्हणणं अपमान समजतात, त्यामुळे उत्तर नेहमी ‘हो’च येतं. त्याऐवजी ‘या शब्दातलं तिसरं अक्षर कोणतं?’ असं विचारा.

## टप्पा 6: छोट्या खोल्या

ब्रेकआउट रूम (झूममध्ये वर्गाचे छोटे गट वेगळ्या खोल्यांत पाठवायची सोय) चौथ्या-पाचव्या तासाच्या आधी वापरू नका, माणसं एकमेकांना ओळखत नसतात. एका खोलीत तिघे ठेवा. दोघांत एकाचं नेट गेलं की दुसरा एकटा पडतो आणि पाचांत दोघे बोलतात.

काम ठोस असावं. ‘चर्चा करा’ असं सांगितलंत तर ‘तुम्ही कुठले?’, ‘आम्ही सांगलीचे’ यात आठ मिनिटं जातात. ‘या तीन ओळी वाचून देवनागरीत लिहा, अडलेलं अक्षर गोल करा, लिहिणारा एकच’ असं सांगा. ओळींचं चित्र व्हॉट्सअ‍ॅपवर आधी पोचलेलं हवं, कारण मुख्य खोलीत तुम्ही दाखवत असलेलं छोट्या खोलीत गेल्यावर समोर राहत नाही. हे विसरलात तर सगळ्या खोल्यांतून एकच प्रश्न येतो: ‘सर, कोणत्या ओळी?’

## टप्पा 7: गृहपाठ गोळा करणं आणि परत देणं

वर्ग इथे टिकतो किंवा मोडतो.

सगळ्यांना एकाच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो टाकायला सांगणं ही नेहमीची चूक. तीस फोटो, त्यात दोन ‘शुभ सकाळ’, एक वाढदिवस आणि पंचवीस शुभेच्छा. कुणाचं काय आलं ते तुम्हालाही कळत नाही.

ग्रुप दोन करा. ‘सूचना’ या ग्रुपवर फक्त अ‍ॅडमिनला लिहिता येईल असं सेटिंग ठेवा, तिथे वेळ, दुवा आणि गृहपाठ. दुसरा ‘गप्पा’, तिथे काय हवं ते. गृहपाठाचा फोटो मात्र यापैकी कुठेही नाही, थेट तुमच्या नंबरवर. वर्ग पंचवीस-तीसपर्यंत असेल तर हेच सगळ्यात सोपं.

त्याहून मोठा असेल तर गूगल क्लासरूम घ्या. गूगल फॉर्ममध्ये फाइल जोडायची सोय आहे, पण देणाऱ्याला गूगल खात्यातून लॉगिन करावं लागतं आणि सगळ्या फाइल तुमच्या ड्राइव्हमध्ये साठतात. फुकटची 15 जीबी जागा जीमेल आणि फोटोंमध्ये वाटलेली असते, तीन महिन्यांत भरते.

फोटो कसा काढायचा तेही शिकवावं लागतं. खिडकीजवळ, वही सपाट, फोन बरोबर वर, पानाच्या कोपऱ्यात हजेरी क्रमांक आणि तारीख. रात्री ट्यूबलाइटखाली काढलेल्या फोटोत लिहिणाऱ्याच्या डोक्याचीच सावली असते.

आता परत देणं. पानभर शेरे लिहू नका. फोटो उघडा, फोनमधल्याच संपादनाच्या पेननं एका अक्षराभोवती लाल गोल काढा, आणि सोबत अर्ध्या मिनिटाचा आवाजी निरोप: ‘काका, ओळ छान सरळ आलीये. गोल केलेल्या अक्षराचा काना तुम्ही वरून खाली आणलाय, खालून वर न्या. तो एकच शब्द पाच वेळा लिहून उद्या पाठवा.’ एक कौतुक, एक चूक, एक काम. पंचवीस जणांचे निरोप मला तासाभरात होतात. बोलून सांगितलेलं लोक दोनदा ऐकतात, लिहिलेलं वाचतातच असं नाही.

मुदतही पाळा. पुढच्या तासाआधी वही परत गेली पाहिजे. दोन आठवडे काही आलं नाही की विद्यार्थ्याला वाटतं, कुणी बघतच नाही, आणि त्याचं बरोबर असतं.

इशारा: लोक घरचे जुने कागद पाठवतात, त्यात जमिनीचे व्यवहार आणि भाऊबंदांची नावं असतात. ते मालकाला न विचारता वर्गात दाखवू नका. दुवा असलेल्या कुणालाही उघडता येईल अशा फोल्डरमध्ये तर ठेवूच नका. जुन्या कागदावरून आजही भांडणं होतात.

## टप्पा 8: गूगल फॉर्मची चाचणी, मराठी खाचखळग्यांसह

फॉर्मच्या सेटिंगमध्ये क्विझ सुरू केलं की तो स्वतः गुण देतो. इंग्रजीत प्रश्न असतील तर फार अडत नाही. मराठीत अडतं, ते असं:

1. लिहून द्यायचं उत्तर. फॉर्म अक्षरन् अक्षर जुळवून बघतो. मोडीत ह्रस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत, त्यामुळे तोच शब्द वाचून एक जण ‘पाटील’ लिहितो आणि दुसरा ‘पाटिल’. वाचन दोघांचं बरोबर, फॉर्म मात्र एकाला शून्य देतो. एका प्रश्नाला अनेक बरोबर उत्तरं नोंदवता येतात, तिथे दोन्ही घाला.
2. आकडे. ‘१८५६’ आणि ‘1856’ फॉर्मच्या लेखी वेगळे. दोन्ही नोंदवा. उत्तर ‘संख्या’च असावं अशी अट घालू नका, देवनागरी आकडे लिहिणारे अडकतात.
3. मोडी अक्षरं. मोडी 2014 मध्ये युनिकोडमध्ये आली, तरी बऱ्याच फोनवर तिचा फाँट नसतो आणि अक्षरांच्या जागी चौकोन दिसतात. प्रश्नात आणि पर्यायांत नेहमी चित्रच घाला.
4. ‘एकदाच उत्तर द्या’ हे सेटिंग. ते लावलं की गूगल लॉगिन मागतं आणि तिथूनच काही जण परत फिरतात. त्याऐवजी पहिला प्रश्न हजेरी क्रमांकाचा ठेवा, दोनदा आलेलं उत्तर तुम्हाला दिसतंच.

प्रश्न पाचच असावेत. पर्यायांच्या प्रत्येक प्रश्नाला चुकीच्या उत्तरासाठी अभिप्राय लिहायची जागा असते, ती बहुतेक शिक्षक रिकामी सोडतात. तिथे एक ओळ लिहा: ‘पुन्हा बघा, या अक्षराची शेपटी आत वळली आहे की बाहेर?’ नुसत्या तांबड्या फुलीपेक्षा ती ओळ जास्त शिकवते.

व्हॉट्सअ‍ॅपचं मतदान चाचणीसाठी वापरू नका. कुणी काय निवडलं ते ग्रुपमधल्या सगळ्यांना दिसतं, त्यामुळे लोक थांबून राहतात आणि जिकडे गर्दी तिकडे जातात. तासाची वेळ ठरवायला ते उत्तम आहे. तेव्हाही ‘एकापेक्षा जास्त उत्तरं’ हे बटण आधी बंद करा, ते चालूच असतं, आणि मग एकच माणूस तिन्ही वेळांना हो म्हणतो.

तपासा: फॉर्म पाठवण्याआधी स्वतः फोनवरून, मुद्दाम चुकीची उत्तरं देत, एकदा भरा.

## टप्पा 9: रेकॉर्डिंग

पूर्ण तासाचं रेकॉर्डिंग देऊ नका. ‘नंतर बघू’ म्हणून लोक तास चुकवतात आणि नंतर बघत नाहीत. मी फक्त ‘कागद’वरचा लिहून दाखवण्याचा तुकडा देतो, आठेक मिनिटांचा. त्यात कुणाचा चेहरा किंवा आवाज येत नाही, हाही फायदा.

यूट्यूबवर टाकताना ‘प्रायव्हेट’ नको, ‘अनलिस्टेड’ निवडा. प्रायव्हेट केलंत तर दुवा असूनही व्हिडिओ उघडत नाही आणि रात्री साडेदहाला फोन सुरू होतात. वर्णनात प्रत्येक अक्षराची वेळ लिहिली की त्याच जागी उडी मारता येते. त्यासाठी पहिली नोंद 00:00 ची हवी, निदान तीन नोंदी हव्यात आणि प्रत्येक तुकडा किमान 10 सेकंदांचा हवा.

## टप्पा 10: गळणाऱ्याला वेळेत गाठा

एका साध्या तक्त्यात तीन रकाने ठेवा: तासाला आला का, चॅटमध्ये उत्तर दिलं का, वही आली का. आठवड्यातून एकदा भरा. नुसत्या हजेरीवर जाऊ नका, नाव पडद्यावर असतं आणि माणूस स्वयंपाकघरात.

सलग दोन वह्या आल्या नाहीत की त्याच दिवशी संपर्क करा, चौथ्या वहीची वाट बघू नका. ग्रुपवर नाव घेऊन विचारणं तर अजिबात नको. खाजगीत लिहा, आणि निरोपात जाब नको, काम द्या. ‘तुम्ही गैरहजर का?’ असं लिहिलंत तर उत्तर येत नाही. ‘ताई, मागच्या दोन तासांतल्या फक्त या एका ओळीचा फोटो पाठवा, बाकीचं राहू दे’ असं लिहिलं की बहुधा येतो.

आणि हो, वीज. तासाच्या आधी एक विश्वासू विद्यार्थी ठरवून ठेवा आणि पुढच्या दहा मिनिटांचं काम त्याच्याकडे लिहून द्या. आमच्याकडे गुरुवारी लाइट जाते, म्हणून गुरुवारच्या तासाचा कागद मी बुधवारी रात्रीच त्याला पाठवतो. पहिल्यांदा असं झालं तेव्हा मी अर्ध्या तासानं धापा टाकत परत आलो. ते विश्वासू विद्यार्थी, आमचे एक काका, सगळ्यांकडून रेघा मारून घेत होते आणि मी आलोय हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.